ययाति आणि मुगाची उसळ

तुमच्या कानावर अजून आलं नसेल, तर आधी नीट बसून घ्या. आमच्या सोसायटीतली भिशी मोडली. कोथरूडमधली जुनी सोसायटी आमची. लिफ्टसुद्धा मागाहून बसवलेली, पण भिशी मात्र अगदी पहिल्या वर्षापासूनची. कुणाची चिठ्ठी कधी निघाली, कुणी त्या पैशांतून पाटल्या केल्या आणि कुणी घरात न सांगता भावाच्या धंद्यात घातले, हा सगळा इतिहास तोंडपाठ असलेल्या बायका अजून हयात आहेत. आणि ती भिशी मोडली कशापायी? कुणी पैसे घेऊन पळालं? नाही. भांडणं झाली? तीही नाहीत. झाली असती तर बरं, निदान चारचौघांत सांगायला काही राहिलं असतं. भिशी मोडली ती बुक क्लबसाठी. नातवंडं असलेल्या, श्रावण पाळणाऱ्या, एरवी शहाण्यासुरत्या बायका महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, कादंबऱ्यांवर तावातावाने बोलतात आणि वर पोटभर जेवून येतात. तळमजल्यावरच्या आजी नव्वदीच्या आहेत. त्यांना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कादंबऱ्या आमच्या वेळीही होत्या गं. पण आम्ही गादीखाली लपवून वाचायचो. काही लाज होती."

मी स्वतः तिथे जाते, हे आधीच सांगून टाकते. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?

पद्धत अशी. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. ज्यांच्याकडे बैठक, त्यांनी कादंबरी ठरवायची आणि मुख्य पदार्थ करायचा. भात, कोशिंबीर, गोडधोड बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. आधी चर्चा, मग जेवण, असा नियम अगदी टाइप करून ग्रुपवर टाकला होता. तो पहिल्याच महिन्यात मोडला, कारण त्या दिवशी बटाटेवडे होते. बँकेतून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "कादंबरी साठ वर्षं थांबली आहे, अजून तासभर थांबेल. वडे थांबायचे नाहीत." त्यांना अनुमोदन मिळायला कढई गॅसवरून उतरेपर्यंतही वेळ लागला नाही. तेव्हापासून आधी जेवण, मग चर्चा, मग कॉफी. आणि खरी चर्चा होते ती त्यानंतर, चपला घालताना, दारात, अर्धा तास, लिफ्ट अडवून.

हो, काका. पुरुषही येतात. सुरुवातीला कुकर आणि डबे उचलून आणायचे आणि खाली जाऊन बाकावर बसायचे. मग पावसाळा आला, बाक ओला झाला, आणि ते जे वर येऊन बसले ते बसलेच. आता त्यांतल्या दोघांना वाटतं की क्लब आपणच काढला.

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. भिशीत मला माहिती मिळायची. पाचव्या मजल्यावरची सून माहेरी का गेली, कुणाच्या जावयाची नोकरी गेली, अमक्यांच्या फ्लॅटला गिऱ्हाईक किती वेळा येऊन परत गेलं, सगळं चहा संपायच्या आत. आता परवा शेवग्याच्या शेंगा निवडता निवडता सी विंगच्या वहिनी म्हणाल्या, "मला तर तिचंच पटतं. असा नवरा असल्यावर कुणीही तेच केलं असतं." माझे कान टवकारले. "कोण हो?" "देवयानी," वहिनी म्हणाल्या. आता सांगा, देवयानीच्या संसाराची बातमी घेऊन मी कुठे जाऊ? ती तर महाभारतापासून सगळ्यांना ठाऊक आहे!

त्या महिन्यात ययाति होती. खांडेकरांची, १९५९ सालची. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली मिळालं ते खांडेकरांना, हे आमच्या ग्रुपवर इतक्या वेळा फिरलं की शेवटी कुणीतरी वैतागून लिहिलं, "खांडेकरांचं अभिनंदन झालं असेल तर पाणी कधी येणार ते सांगा." यजमानीणबाईंनी मोड आलेल्या मुगाची उसळ केली होती. का, तर विषय तारुण्याचा आहे आणि कडधान्यांनी तारुण्य टिकतं. इथवर ठीक होतं. मग काका बोलायला उभे राहिले. त्यांचं म्हणणं, ययातीवर जग उगाच दात धरून आहे. त्याने मुलाजवळ तारुण्य मागितलं, ओरबाडून घेतलं नाही. मुलाने आपणहून दिलं. वडिलांचाही काही हक्क असतो की नाही? हे चालू असताना काकांचा मुलगा त्यांना न्यायला दारात येऊन उभा होता. "गाडी काढतो" म्हणून तो खाली गेला तो परत वर आलाच नाही. काका शेवटी दोन मजले चालत उतरले.

त्याच संध्याकाळी जे घडलं ते मात्र आमच्या सोसायटीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे. आमच्याकडे दोन जावा राहतात, समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये. कित्येक वर्षं बोलत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, एक पैठणी. सासूबाईंची पैठणी एकीच्या वाट्याला आलेली, दुसरीने मुलाच्या मुंजीत नेसायला म्हणून नेली, आणि मग काय झालं याच्या दोन आवृत्त्या आहेत. तर थोरलीने देवयानीची बाजू घेतली आणि धाकटीने शर्मिष्ठेची. एकमेकींकडे बघायचं नाही, बोलायचं ते काकांकडे किंवा पंख्याकडे बघून.

"वस्त्र कुणाचं होतं आणि नेसलं कुणी, एवढंच मला विचारायचंय," थोरली पंख्याला म्हणाली.

"वाऱ्याने कपडे मिसळले होते. गोष्टीत स्पष्ट दिलंय," धाकटी काकांना म्हणाली.

"मिसळले होते तर परत द्यायचे. विहिरीत ढकलायचं नाही."

"आणि एका वस्त्रापायी जन्मभर दासी करून ठेवायचं, हे बरं?"

खोलीत चमच्याचाही आवाज नव्हता. सगळ्यांना कळत होतं की शर्मिष्ठा कोण, देवयानी कोण आणि वस्त्र पैठणी आहे. वृषपर्व्याचं, म्हणजे शर्मिष्ठेच्या वडिलांचं, राज्य हे नदीकाठच्या वडिलोपार्जित प्लॉटबद्दल आहे, हेही मला कळलं, पण तेवढं इतरांना कळलं नसावं. तासभर दोघींनी एकमेकींना जे सांगायचं ते सगळं सांगून घेतलं, खांडेकरांच्या खांद्यावरून. शेवटी थोरली म्हणाली, "शर्मिष्ठेने निदान एकदा चुकले म्हणायला हवं होतं." धाकटी म्हणाली, "देवयानीने विचारलं असतं तर म्हणाली असती." आणि उसळीचं भांडं उचलून तिने ते समोरच्या घरात नेऊन ठेवलं. सांगा, कुठल्या भिशीत असं झालं असतं? मी तरी हात चोळत बसले. एवढं मोठं भांडण मिटलं आणि मला त्याचा एक शब्द बाहेर सांगता येईना, कारण कुणी काही बोललंच नव्हतं. बोलली ती देवयानी.

तुम्ही म्हणाल, ही आजकालची थेरं. मीही तेच म्हणत होते. मग कुणीतरी आठवण करून दिली की पुण्यात चार डोकी एकत्र येऊन काही ऐकू लागली आणि पुढे खायला-प्यायला आलं, की बोभाटा होणारच. तो या शहराचा जुना रिवाज आहे. १८९० चा ऑक्टोबर महिना. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुण्यातल्या बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यान झालं आणि पुढे चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! कुणी घोट घेतला, कुणी घेतल्यासारखं केलं, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळरावांनी मग हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. काय हलकल्लोळ झाला म्हणता! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. व्याख्यान कशावर होतं, हे विचारा बरं कुणाला. एकालाही सांगता येणार नाही. चहा मात्र इतिहासात जाऊन बसला. माझ्या मते गोपाळराव हे आमच्या धंद्यातले आद्य पुरुष. त्यांच्या हाताशी व्हॉट्सअॅप नव्हतं म्हणून पुणं वाचलं.

आणि गंमत बघा, ज्या साली पुणं एका कपाने हादरलं, त्याच साली हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' निघालं आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. १८९३ पर्यंत चालली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, लहान वयातलं लग्न, सासर, वैधव्य, आणि तो शंकरमामंजी. ही कादंबरी आमच्याकडे झाली तेव्हा तूरडाळीची आमटी, भात आणि तूप एवढाच बेत होता, पण कुणाला तक्रार सुचली नाही. सगळ्याजणी त्या शंकरमामंजीवर अशा तुटून पडल्या की एका घरातल्या सासरेबुवांना ते आपल्याबद्दल चाललंय असं वाटलं आणि ते आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. त्यांचं ताट आत पाठवलं. तेही, मी पाहिलं, अर्धंच परत आलं.

पुढे १९२३ साली रविकिरण मंडळ. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आणि मंडळी. पुण्यात रविवारी जमायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. तर अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढून त्यांची अशी रेवडी उडवली की शंभर वर्षं झाली तरी ती ऐकू येते. तेव्हा चहा आणि साहित्य एकत्र आलं की टवाळी ठरलेली. आमच्या वाट्याला अत्रे नाहीत, मी आहे. चालवून घ्या.

आता जरा जपून बोलायची गोष्ट. रणांगण झाली, विश्राम बेडेकरांची, १९३९ ची. लहानशी कादंबरी, म्हणून सगळ्यांनी वाचली. युद्ध पेटायच्या बेतात असलेल्या युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर आपला मराठी चक्रधर आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी हॅर्टा. आमच्या यजमानीणबाई या बाबतीत फार काटेकोर. त्यांना प्रश्न पडला, बोटीवर काय खात असतील? शेवटी सूप आणि पावाचे तुकडे केले. सूप पिऊन काका हॅर्टासाठी डोळे पुसत होते. आणि तेवढ्यात सी विंगच्या वहिनींनी बॉम्ब टाकला. "या बेडेकरांची बायको कोण, माहितीय ना?" बघा, अशी वाक्यं आताशा फार कमी ऐकायला मिळतात. मी खुर्ची पुढे ओढली. बायको म्हणजे मालतीबाई बेडेकर. आणि मालतीबाई म्हणजे विभावरी शिरूरकर! १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कुणी तरी असं उघड लिहिलं म्हणून केवढा गदारोळ झाला. पुस्तकावर नाव विभावरी शिरूरकर, आणि ही विभावरी कोण, बाई की बुवा, कुठे राहते, कुणाची कोण, याचा शोध घेण्यात लोकांनी पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त वेळ घालवला. मला त्या लोकांबद्दल अतिशय आपुलकी वाटते. एका घरात रणांगण लिहिणारा नवरा आणि सगळ्यांची झोप उडवणारी बायको, तर त्यांच्याकडे संध्याकाळी जेवताना काय बोलणं होत असेल? यावर आमची चर्चा इतकी रंगली की हॅर्टा बोटीवरच राहिली.

याच तारेत पुढच्या महिन्यात कुणीतरी मेघना पेठ्यांची 'नातिचरामि' सुचवली. सुचवणाऱ्या बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हे विशेष. त्या महिन्यात पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून फिरत होती. एका घरी तर ती 'मनाचे श्लोक'च्या आत सापडली म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी तिथे थांबून बरीच पानं वाचली, एवढं नक्की. अश्लीलतेची चर्चा निघाली तेव्हा वकील असलेले बी विंगमधले दादा म्हणाले, चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' १९६२ च्या दिवाळी अंकात आली, त्यावर खटला भरला गेला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६९ साली न्यायालयाने सांगितलं की ही कथा अश्लील नाही. यावर तळमजल्यावरच्या आजी, ज्या फक्त गोड खायला म्हणून येतात, त्या म्हणाल्या, "न्यायाधीशांना एवढी वर्षं लागली? मला एका दुपारीच कळलं होतं." मग कुणी पुढे काही विचारलं नाही.

वाचण्याच्या नावाखाली काय काय चालतं, तेही ऐका. एकजण कादंबरी ऐकतात. कानात खुपसून पर्वतीच्या पायऱ्या चढतात आणि वर पोचल्यावर म्हणतात, वाचून झाली. हे वाचन धरायचं की नाही, यावर मतदान झालं. पर्वती चढत नसलेल्यांनी विरोधात मत दिलं. दुसरे एक बनगरवाडीच्या बैठकीला पालेकरांचा १९९५ चा सिनेमा बघून आले आणि पकडले गेले, कारण ते सारखं "कॅमेरा फार छान आहे" म्हणत होते. तिसऱ्यांनी मागच्या बाजूचा मजकूर पाठ केला होता. तो त्यांनी इतका भावपूर्ण म्हटला की दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. विकत घेणारे थोडे. एकच प्रत पाच घरं फिरते आणि कुणी कुठवर वाचलं ते पानावरच्या डागावरून कळतं. हळदीचं बोट उठलेलं पान म्हणजे ए विंग. त्यानंतर पानं स्वच्छ असली तर पुढे कुणी वाचलेलंच नाही. बरं, वाचनालयं या शहरात कमी आहेत का? पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे. म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ला आली, त्याच्याही आधी पुण्यात वाचनालय होतं. कादंबरीची वाट बघत बसलं असेल बिचारं. पण आमच्याकडे वाचनालयाची वर्गणी भरा म्हटलं की सगळ्यांना गॅस महागल्याचं आठवतं.

मला विचाराल तर या सगळ्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं पुस्तक एकच, 'रुचिरा'. १९७० सालचं, कमलाबाई ओगल्यांचं. सोसायटीत असं घर नाही जिथे त्याची पानं सुटलेली, तेलकट झालेली प्रत नाही. कादंबरीवर मत देताना आजूबाजूला बघणाऱ्या बायका रुचिरातल्या मापांवर मात्र डोळे मिटून बोलतात. एकदा मी सुचवलंही, सरळ त्याच्यावरच बैठक घ्या. तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "त्यात पात्रं नाहीत." मी म्हटलं, वाटी हे पात्र नाही तर काय! सगळं पुस्तक तिच्याच मापाने चालतं. कुणी हसलं नाही.

कोसलाचा महिना पुरुषांचा. नेमाड्यांची कोसला १९६३ ला आली आणि पुण्यातल्या ठरावीक वयाच्या प्रत्येक पुरुषाची ठाम समजूत आहे की पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपणच. आमच्याकडे त्या शनिवारी चार पांडुरंग सांगवीकर हजर होते. त्यांतला एक जन्मात वसतिगृहात राहिला नव्हता, सदाशिव पेठेत आईच्या हातचं खाऊन शिकला होता. बेत अर्थातच मेसचा. पातळ आमटी, बटाट्याचा रस्सा, गार पोळ्या. पोळ्या मुद्दाम दुपारी करून गार केल्या होत्या, एवढी निष्ठा. काका म्हणाले, "अगदी तीच चव." यजमानीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण आमटी त्यांनी नेहमीसारखीच केली होती. मग मनीचं मरण आलं, पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचं. तिथे मात्र चारही पांडुरंग गप्प झाले आणि थोडा वेळ कुणी कुणाला काही वाढलं नाही. त्याचा परिणाम महिनाभर टिकला. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, "उद्या टाकी धुणे वगैरे असल्याने पाणी उदाहरणार्थ दुपारपर्यंत बंद राहील."

सहलही काढली. भिलारला, पुस्तकांच्या गावाला, पाचगणीजवळ. २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. आमची मंडळी स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन परतली. पुस्तक कुठलं वाचलं विचारलं, तर म्हणे, "पुस्तकं तिथून आणू देत नाहीत ना!"

एका बैठकीबद्दल मात्र अजून कुणी दारात उभं राहूनही नीट बोललेलं नाही. फकिरा झाली तेव्हाची. अण्णा भाऊ साठ्यांची, १९५९ ची. म्हणजे ययातीच्याच सालची, पण एका पुस्तकात राजवाडा आणि दुसऱ्यात दुष्काळ. एका बाजूला किती घेतलं तरी न भागणारा राजा आणि दुसऱ्या बाजूला उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणारा फकिरा. ज्यांच्याकडे बैठक होती त्यांनी "ग्रामीण थीम" ठरवली होती. मातीच्या थाळ्या भाड्याने आणल्या. झुणका, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा फोडून. खिडकीला ज्वारीची कणसं टांगली. एकींनी नऊवारी नेसून फोटो काढले. झुणका फार झकास झाला होता, खोटं कशाला बोलू. मी दोनदा घेतला. भुकेल्या माणसांची कादंबरी आणि सगळ्यांच्या पोटाला तडस, असा प्रकार.

भाकऱ्या थापायला त्यांच्याकडच्या मावशी थांबल्या होत्या. वाळवा तालुक्यातल्या, म्हणजे अण्णा भाऊंच्या वाटेगावच्याच भागातल्या. एक ऑगस्टला जयंतीच्या मिरवणुकीत त्या लहानपणापासून जात आलेल्या. आत मुख्याध्यापिकाबाई फकिराच्या बंडाचं विश्लेषण करत होत्या. बेडसगावचा खजिना, इंग्रज सरकार, वगैरे वगैरे. मावशी गरम भाकरी घेऊन बाहेर आल्या, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्यानं धान्य आणलं ते बरोबर. पण एवढ्या रात्री ते दळलं कुणी आणि रांधलं कुणी, ते लिवलंय का त्यात?"

कुणाला सांगता येईना. काहींनी तिथवर वाचलं नव्हतं. ज्यांनी वाचलं होतं त्यांनी पानं चाळायला घेतली. बँकेचे काका म्हणाले, प्रश्न फार मूलभूत आहे. त्यांना काही सुचलं नाही की ते असंच म्हणतात. मग सी विंगच्या वहिनींनी मावशींना हाताला धरून म्हटलं, बसा ना, तुम्हीपण बोला. मावशी म्हणाल्या, "बसले असते. पण शनिवारी संध्याकाळची अजून दोन घरं असत्यात माझी." आणि पदराला हात पुसत निघाल्या. त्यानंतर क्लब शनिवारऐवजी रविवारी घ्यावा असा प्रस्ताव ग्रुपवर आला आहे. अकरा अंगठे पडले आहेत. तारीख बदललेली नाही. रविवारी म्हणे सगळ्यांच्याच घरी काही ना काही असतं. त्या दिवसापासून मातीच्या थाळ्यांचा विषयही कुणी काढत नाही. भाड्याने देणाऱ्याचा फोन नंबर मात्र अजून ग्रुपवर वरच चिकटवलेला आहे. तो काढायचं कुणाच्याही मनात येत नाही, की येतं आणि हात होत नाही, देव जाणे.

तर सध्या सोसायटीत वातावरण तापलेलं आहे, ते पुढच्या महिन्यावरून. श्री. ना. पेंडश्यांची 'तुंबाडचे खोत' ठरली आहे. १९८७ सालची, दोन जाडजूड खंड, जगबुडी नदी, पिढ्यान्पिढ्यांचे खोत. ज्यांनी ठरवली त्यांचं सासर खेडचं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नाही. आता एक गट म्हणतो, अर्ध्यांनी पहिला खंड वाचावा, अर्ध्यांनी दुसरा, आणि बैठकीत एकमेकांना सांगावं. दुसरा गट म्हणतो, मग जेवणही तसंच करा, अर्ध्यांनी सोलकढी प्यावी आणि अर्ध्यांनी भात खावा. सोलकढी हा पदार्थ धरायचा की पेय, यावर वेगळीच फूट पडली आहे. कारण पेय असेल तर ती आणणाऱ्यांना आणखी काहीतरी आणावं लागेल, आणि आमसुलं आधीच भिजत घातलेल्या ए विंगच्या ताई हे ऐकून घ्यायला तयार नाहीत. दोन्ही जावा आता एका बाजूला आहेत, मतदानाचा अंदाज त्यामुळे पार चुकतोय. पहिला खंड वाचणाऱ्यांत मी आहे, कारण कुणाचं लग्न कुणाशी झालं हे सगळं पहिल्यातच असणार. तेवढं हाताशी असलं की पुढचं मी बघून घेईन.

आणि परवा लिफ्टमध्ये ते पर्वतीवाले, कानाने वाचणारे, मला हळूच विचारत होते, "वहिनी, तो हस्तर पहिल्या खंडात येतो की दुसऱ्या?" मी म्हटलं, "अहो, तो सिनेमातला! तुंबाड सिनेमातला, २०१८ च्या. पेंडश्यांकडून त्यांनी घेतलं ते फक्त गावाचं नाव." त्यांचा चेहरा उतरला. तीन आठवडे ते सगळ्यांना सांगत फिरताहेत की शेवट फार भयंकर आहे, एकटीने वाचू नका. बी विंगमधल्या चौघींनी त्या भीतीने पुस्तक उघडलेलंच नाही. आता ही गोष्ट शनिवारी सगळ्यांसमोर काढायची, की आधी चौघींना एकेकटं गाठून सांगायची, हे मी ठरवतेय. घाई नाही. भिशी मोडल्यापासून एवढी चांगली बातमी हाती आली नव्हती.